मॅडम हैदराबादला, रुमाल पुण्यात

माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमच्या हडपसरचे रस्ते नुकते मोकळे झाले होते. सकाळी मॅडमचा मेसेज आला, 'दफ्तरात येतेयस ना? अकरा वाजता खाली भेट. चहा घेऊ.' मॅडम माझ्या पीएचडीच्या गाइड. बोलायचं असलं की त्या मला विभागात बोलावतात. पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतले सरकारी कागद जिथे ठेवलेत त्या अभिलेखागारात, आम्ही समोरासमोर बसून तासन्‌तास वाचतो, बोलत जवळजवळ नाहीच. त्यामुळे मेसेज वाचल्या वाचल्या पोटात खड्डा पडला.

कौन्सिल हॉलच्या बाजूला एक टपरी आहे, तिथे उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं. "मी हैदराबादला जातेय गं. प्रोफेसर म्हणून. पंधरा ऑगस्टनंतर रुजू व्हायचंय." इथे त्या अकरा वर्षं असोसिएट प्रोफेसर होत्या. का चालल्यात हे विचारायची मला गरज नव्हती. कपातला चहा गार होईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. मग त्या म्हणाल्या, "मी तुला 'चल' म्हणणार नाही. 'येऊ नकोस' असंही म्हणणार नाही. तू ठरव, पण ठरवायला वेळ कमी आहे."

मला त्यांचा राग आला होता. दोन दिवस आला होता. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की हा राग त्या जाताहेत म्हणून नाही, आपलं काम एका माणसावर एवढं टेकलंय हे इतकी वर्षं दिसलंच नाही म्हणून आहे.

या गोष्टीला आता सहा-सात महिने झाले. मधल्या काळात दोन-तीन जणींनी विचारलं, "आमचे सर पण जाणारेत, काय करू?" प्रत्येकीला फोनवर अर्धं अर्धं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी माझं काम काय ते सांगायला हवं, कारण माझा निर्णय त्यातूनच झाला.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्यावर. आमच्या घरात वर्षाचे महिने नव्हते, आवर्तनं होती, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या पाळ्या. 'पाणी कधी सुटणार' हा एकच प्रश्न. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची मोटरसायकल दिसली की अण्णा जेवणावरून उठायचे. आमचं रान चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे येणाऱ्या छोट्या पाटाच्या शेपटाला, त्यामुळे वरच्यांचं भिजून झालं की मग आमची पाळी, तीही बहुतेक रात्री. बॅटरी घेऊन मी अण्णांबरोबर बांधावर गेलेली आहे. पाणी येतंय का हे ते कानानं सांगायचे. कोरड्या चारीत पालापाचोळा सरकल्याचा आवाज यायचा, त्याच्या मागून पाणी.

एमए करताना मोडी लिपी शिकले आणि कळलं की हे पाटाचे, पाळीचे कागद पेशवाईतही आहेत. जमीन मोजताना, सारा आकारताना जिराईत कुठली, मोटस्थळ कुठली, पाटस्थळ कुठली याची नोंद होई. मोटस्थळ म्हणजे विहिरीवर मोट चालवून भिजवलेली जमीन, पाटस्थळ म्हणजे पाटाच्या पाण्यावरची. दोन्हींचे दर वेगळे. कुणी नवा बंधारा घातला, पडीक रान वहिवाटीला आणलं, तर त्याला इस्ताव्याचा कौल मिळे, म्हणजे पहिली काही वर्षं सारा थोडा आणि मग चढत चढत पूर्ण. माझा विषय हाच. अठराव्या शतकातल्या पुणे प्रांतातलं पाटपाणी आणि त्यावरचा सारा.

हे कागद आहेत पेशवे दफ्तरात, हजारो रुमालांमध्ये. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले. त्यांचा भर साहजिकच राजकारणावर, मोहिमांवर होता. गावच्या पाटाचा खर्च कोणी छापणार नव्हतं. त्यामुळे माझ्यासारखीला मूळ रुमाल सोडवूनच वाचावं लागतं, आणि ते जगात एकाच इमारतीत आहेत.

आता मॅडमनी मला काय दिलं ते सांगते. पहिल्या वर्षी एका ताळेबंदात मला सलग तीन गावांपुढे 'पाटदाम' असा शब्द सापडला. मी हरखून गेले. पाट म्हणजे पाण्याचा पाट, दाम म्हणजे पैसे, म्हणजे पाणीपट्टीच! आठ दिवस मी तेवढेच आकडे उतरवत होते. तक्ता केला, गावांचा नकाशा केला, प्रकरणाचं नावसुद्धा ठरवलं. गुरुवारी मॅडमपुढे ठेवलं. त्यांनी तक्ता बाजूला सारला आणि विचारलं, "तुमच्याकडे पाट लावणं कशाला म्हणतात?"

मी जागच्या जागी थांबले. पाट लावणं म्हणजे विधवेचं किंवा काडीमोड झालेल्या बाईचं दुसरं लग्न. पाटदाम म्हणजे त्या लग्नावर सरकार घेई ती पट्टी. पाण्याशी तिचा काही संबंध नाही. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तक्ता फाडू नकोस. कोणीतरी त्यावर लिहिलं पाहिजे. फक्त ते तुझं प्रकरण नाही." तो तक्ता माझ्या फाइलमध्ये अजून आहे. त्या आकड्यांमागे बायका आहेत हे कळल्यावर तो फाडवणारही नाही.

तर असं माणूस शहर सोडून चाललं होतं.

पहिल्या आठवड्यात मला तीनच वाटा दिसत होत्या. मॅडमबरोबर जायचं. इथेच राहून गाइड बदलायचा. किंवा इथे नवीन गाइड घ्यायचा आणि मॅडमना को-गाइड ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक वाटेवर एकेक नियम बसलेला आहे, आणि ते नियम मी तोपर्यंत कधी सलग वाचलेच नव्हते. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीचे २०२२ चे नियम एका रात्री बसून वाचले. खरं तर ते नोंदणीच्या दिवशीच वाचायला हवेत.

माझी नोंदणी जानेवारी २०२३ ची. नियमानुसार कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळतात, आणि बायकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. म्हणजे वेळ होता. अडचण फेलोशिपची होती. जेआरएफ या माझ्या फेलोशिपची पाच वर्षं घड्याळ लावल्यासारखी संपतात. पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढची तीन ४२ हजार. माझी अडीच वर्षं झालेली. नव्या विद्यापीठात गेले तर फेलोशिप न्यायला दोन्हीकडचे कागद लागणार, आणि ते होईपर्यंत हातात पैसे येतील की नाही याची खात्री कोणी देईना.

त्याच नियमांत एक कलम आहे. संशोधक स्त्री लग्नामुळे किंवा अन्य कारणानं दुसरीकडे जाणार असेल, तर तिला तिचा संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेता येतो. अट अशी की ते काम मूळ संस्थेनं किंवा गाइडनं कुठून निधी आणलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं, आणि आधीच्या संस्थेला, गाइडला त्यांचं श्रेय द्यावं. माझ्याबरोबरच्या एकीनं हे कलम दाखवलं आणि म्हणाली, "बघ, तुला तर जाता येतंय!" मी तिकडच्या विद्यापीठात फोन केला. तिथल्या बाईंनी फार नीट समजावलं. डेटा आणा, पण नोंदणी नव्यानं होईल, मुलाखत होईल, वर्षं त्या तारखेपासून मोजली जातील. म्हणजे वह्या माझ्याबरोबर येतील, अडीच वर्षं येणार नाहीत. हा फरक फोन केल्याशिवाय मला कळला नसता. नुसता नियम वाचून ठरवू नका, दोन्हीकडच्या माणसांना विचारा.

तरीही मी हैदराबादला जाऊन आले. घरी सगळ्यांना हे जरा जास्तच वाटलं. पण न बघता 'नाही' म्हणाले असते तर पुढची चार वर्षं मनात राहिलं असतं. जुलैच्या शेवटी पहाटेच्या शताब्दीनं निघाले, दुपारी सिकंदराबाद. दुसऱ्या दिवशी विद्यापीठ बघायच्या आधी तार्नाक्याच्या राज्य अभिलेखागारात गेले. मॅडमनीच सुचवलं होतं. तिथे मोगलांचे दख्खनचे फारसी कागद आहेत, शाहजहानच्या, औरंगजेबाच्या काळातले. एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यानं मला एक जुना कागद दाखवला. शिकस्ता लिपी, म्हणजे भरभर लिहिलेली मोडकी फारसी, अक्षरं वाऱ्यावर वाकलेल्या गवतासारखी. मी त्याच्याकडे पाहत राहिले. एक अक्षरही मला येत नव्हतं, तरी तो कागद जमिनीचा आहे, साऱ्याचा आहे, एवढं ते सांगत होते. फार सुंदर होतं ते. मनात विचार आलाच, की विषय थोडा मागे न्यावा, सतराव्या शतकात जावं, फारसी शिकावी, मॅडम शेजारी असतील.

परतीच्या गाडीत मी हिशेब केला. फारसी वाचता यायला दोन वर्षं, शिकस्ता लागायला त्यापुढे. आणि मुख्य म्हणजे मी तिथे उभी असताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की सुप्यापलीकडच्या ज्या गावाचा कागद मी अर्धवट सोडून आले, त्यात बंधारा फुटल्यावर पुढे काय झालं? सोलापूर यायच्या आत माझं ठरलं होतं. मला रुमालांजवळ राहायचं होतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण ती लोक परस्पर ठरवून टाकतात. मला पाच वर्षांची मुलगी आहे. नवरा चाकणला कामाला आहे, शिफ्ट असते. मी थांबले हे कळल्यावर नातेवाइकांपासून विभागातल्या लोकांपर्यंत सगळे म्हणाले, "बरं केलंस, मुलगी लहान आहे." माझ्या घरी या प्रश्नावर दोन रात्री बोलणं झालं होतं. सासूबाई गावाहून येऊन राहायला तयार होत्या. नवरा म्हणाला होता, "दोन वर्षं काढू आपण, तू मागे वळून बघू नकोस." त्यांची तयारी खरी होती. मी मुलीसाठी थांबले असं म्हटलं की त्या दोघांनी जे देऊ केलं ते पुसलं जातं, आणि माझं कामही पुसलं जातं. मी कागदांसाठी थांबले.

थांबायचं ठरलं, पण कोणाकडे? आता ती गोष्ट.

आमच्या विभागात माझ्या काळावर काम केलेले एक ज्येष्ठ सर आहेत. त्यांच्याकडे आधीच आठ विद्यार्थी. प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार, त्यापुढे घेता येत नाहीत. दुसऱ्या सरांना मोडी उत्तम येतं, पण निवृत्तीला अडीच वर्षं राहिलेली. तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही, आणि गाइड बदलून येणारीसुद्धा नवीनच धरली गेली. ते सर स्वतः म्हणाले, "तू ये, वाचून दाखव, मी आहे. सही मात्र माझी चालणार नाही." राहिले एक तरुण सर. असिस्टंट प्रोफेसर, एक जागा रिकामी. त्यांचं काम विसाव्या शतकातल्या गिरणी कामगारांवर. मोडी येत नाही. पेशवाईवर त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मनातून सहीसाठीच गेले होते, हे कबूल करते. मॅडम को-गाइड असतील, खरं काम त्यांच्याबरोबर होईल, सर कागदोपत्री राहतील. सरांनी माझी सिनॉप्सिस मागितली. चार दिवसांनी बोलावलं. कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात प्रश्न लिहिले होते. ते म्हणाले, "मला मोडी येत नाही, त्यामुळे तुमचं वाचन बरोबर की चूक हे मी सांगू शकणार नाही. ते मॅडमना विचारा. पण मला एक सांगा, या पाटाचं पाणी आधी कोणाच्या शेतात जायचं?"

मी अडीच वर्षं दर बघत होते, आकार बघत होते, कौल बघत होते. सरकारला किती मिळालं हे मला शेवटच्या रुपयापर्यंत सांगता आलं असतं. पाणी आधी कोणाला, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. मी, जिच्या बापाचं रान चारीच्या शेपटाला आहे.

त्या संध्याकाळी अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "मग त्या सरांकडंच जा की. शेवटच्याची पाळी इचारणारा माणूस गावत नसतो."

कागदपत्रांबद्दल थोडं लिहिते, कारण यात मी एक चूक करता करता वाचले. गाइड कार्यमुक्त व्हायच्या आधी जे होतं ते होतं. नंतर प्रत्येक सहीसाठी कुरिअर, ईमेल आणि आठवडे. मॅडमना को-गाइड करण्याचा अर्ज आम्ही त्या इथे असतानाच दिला. दुसऱ्या संस्थेतला को-गाइड चालतो, पण मंजुरी लागते, आणि त्यांच्या नव्या विद्यापीठाचंही संमतिपत्र लागतं. मॅडमनी ते रुजू व्हायच्या आधीच तिकडून मागवून घेतलं. तोपर्यंतचे सगळे प्रोग्रेस रिपोर्ट सह्यांसकट एकत्र केले. मला वाटत होतं सगळे आहेत. एका सत्राच्या संशोधन सल्लागार समितीच्या इतिवृत्तावर मॅडमची सहीच नव्हती. बैठक झालेली, शिफारस झालेली, कागद ऑफिसात कुठल्याशा गठ्ठ्यात सहीवाचून पडून. त्याच्याशिवाय फेलोशिपचा पुढचा हप्ता अडला असता. तो कागद शोधायला दोन दिवस गेले. शिपाई मामांनी शेवटी वरच्या मांडणीवरून काढून दिला, आणि मॅडमनी जायच्या आदल्या दिवशी सही केली.

आणखी एक गोष्ट आम्ही केली, ती कुठल्या नियमात नाही. आम्ही दोघींनी एका पानावर लिहून काढलं की आत्तापर्यंतच्या कामातला कुठला लेख माझ्या एकटीच्या नावानं जाईल आणि कुठला दोघींच्या. हा विषय मॅडमनी स्वतः काढला. मला काढवला नसता. "आत्ता आपलं चांगलं आहे, म्हणून आत्ताच लिहू," असं म्हणाल्या. ते पान दोघींकडे आहे.

मॅडमकडे आम्ही चौघं होतो. चौघांनी चार वेगळ्या गोष्टी केल्या, आणि मला वाटतं चौघांचंही बरोबर होतं. एकाचा प्रबंध तयार होता, प्री-सबमिशन प्रेझेंटेशन झालेलं, त्याला काहीच बदलावं लागलं नाही. एकाची नोंदणी होऊन पाच महिने झाले होते, कोर्सवर्कही पुरं नव्हतं, विषय अजून हलता होता. तो मॅडमबरोबर गेला. गमावण्यासारखं त्याच्याकडे फारसं नव्हतं, मिळण्यासारखं खूप होतं. एकीनं गाइड बदलला आणि मॅडमना को-गाइड ठेवलं नाही. ती म्हणाली, "दोन ठिकाणी उत्तरं द्यायची माझी ताकद नाही." तिचा विषय शिक्षणसंस्थांचा, छापील साधनांवरचा. तिला नवे सर पुरेसे आहेत. या तिघांचं बघून मी ठरवलं असतं तर चुकले असते. किती वर्षं झाली, साधनं कुठे आहेत, आणि आठवड्याला आपलं लिहिलेलं कोण वाचतं, या तीन गोष्टी प्रत्येकाच्या वेगळ्या होत्या.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कठीण. सहीला माणूस मिळतो. वाचायला माणूस मिळत नाही.

म्हणून आमचा गुरुवार आम्ही सोडला नाही. पूर्वी दुपारी तीन वाजता मॅडमच्या केबिनमध्ये असायचा, आता रात्री साडेआठला, मुलगी झोपली की, लॅपटॉपवर. पहिले तीन गुरुवार अगदी वाईट गेले. मी दफ्तरातून पेन्सिलीनं उतरवून आणलेलं वाचून दाखवायचे, मॅडम ऐकायच्या. पण अडतं ते उतरवलेल्यात नाही, मूळ अक्षरात अडतं. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढतात आणि मग त्याखाली हात न उचलता लिहीत जातात. शब्द कुठे संपला हे लेखक सांगत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. केबिनमध्ये असताना मॅडम कागदावर नुसतं बोट फिरवायच्या आणि त्यांना कळायचं लेखणी कुठून कुठे गेली. ते बोट आता सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर आहे.

चौथ्या गुरुवारी मी एक केलं. दफ्तरात अडलेलं अक्षर आलं की ते आहे तसं, लेखणीच्या वळणासकट, वहीत मोठं काढायला लागले. घरी येऊन ते जाड स्केच पेननं मुलीच्या चित्रकलेच्या कागदावर आणखी मोठं काढते आणि कॅमेऱ्यासमोर धरते. मॅडम म्हणतात, "सुरुवात कुठून केलीस? वरून की डावीकडून?" मी कागद लॅपटॉपसमोर ठेवून त्यांच्यादेखत पुन्हा गिरवते. तीनदा, चारदा. त्यात एक झालं, माझा हात बसला. पूर्वी मी अक्षर ओळखायचे, आता ते कसं लिहिलं असेल हे कळायला लागलंय. मागच्या महिन्यात एका कागदावरची तारीख मी त्यांना न विचारता लावली. 'सबैन मया व अलफ'. सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन ११७०, पेशवाईच्या कागदांत असतं ते साल. हे साल मृगापासून सुरू होतं, त्यामुळे इसवी सन काढायला जून ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९९ मिळवायचे, त्यापुढची असेल तर ६००. तारीख पावसाळ्यातली निघाली, १७६९. मॅडम पलीकडून नुसत्या "हं" म्हणाल्या. त्यांचं "हं" म्हणजे बरोबर.

सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. तिसऱ्या प्रकरणावरून सरांचं आणि मॅडमचं मत जुळत नाही. सरांचं म्हणणं, पाळीचा प्रश्न प्रकरणाच्या मध्यभागी आणा, सारा मागे जाऊ दे. मॅडमचं म्हणणं, पाळीबद्दल थेट बोलणारे कागद तुझ्याकडे किती? मोजके. तेवढ्यावर प्रकरण उभं करशील तर परीक्षक विचारतील. दोघेही माझ्याशी बोलतात, एकमेकांशी कमी. दोन्हीकडचे निरोप पोचवण्यात माझा नोव्हेंबर गेला. शेवटी डिसेंबरात मी दोघांना एकाच कॉलवर घेतलं आणि माझ्याकडचे कागद एकेक करून वाचून दाखवले. तासभर दोघं माझ्याशी न बोलता एकमेकांशीच बोलत होते. निर्णय झाला नाही. सरांनी एवढंच सांगितलं, की गावच्या तंट्यांचे कागद बघा, भांडण झाल्याशिवाय पाळी कोणी लिहून ठेवत नाही. मॅडम म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं."

तेव्हापासून मी तंट्यांचे कागद काढतेय. सुप्यापलीकडच्या त्या गावाचा एक सापडलाय. दोन भाऊबंद, एक बंधारा, आणि वरच्यानं पाणी तोडल्याची खालच्याची तक्रार. निम्मा कागद स्वच्छ लागतो. मधोमध घडी पडलेली आहे, तिथे शाई उडालीय, आणि नेमका तिथेच तो शब्द आहे ज्यावरून पाणी किती दिवस कोणाचं हे ठरेल. मी तो नऊ वेळा काढून पाहिला. मागच्या गुरुवारी कॅमेऱ्यासमोर धरला. मॅडम लॅपटॉपजवळ सरकल्या, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "हे मूळ बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. संक्रांतीला पुण्यात येतेय. रुमाल काढून ठेव."

सरांना सांगितलं, तर तेही येतो म्हणाले. मी मागणीची चिठ्ठी भरून ठेवली आहे.